हवेची गादी रात्रीतून का बसते?

दादी, नानी किंवा अब्बा अंथरुणाला खिळलेले असले, की हल्ली त्या घरात हवेची गादी येते. लकवा झाल्यावर किंवा खुब्याचं हाड मोडल्यावर घाटीतून सुट्टी मिळताना डॉक्टर सांगतात, मुलं सर्जिकलच्या दुकानातून ती आणतात आणि पंप पलंगाच्या पायथ्याला टांगला जातो. काही महिने सगळं ठीक चालतं. मग एका सकाळी सुनेच्या लक्षात येतं, की गादी मधोमध बसली आहे. पंपाची घरघर चालू असते, म्हणून घरचे म्हणतात, "हवा तर भरतेय की!" आणि विषय तिथेच राहतो.

पण ही गादी केवळ आरामाची वस्तू नाही. शरीराचा भार एकाच जागी तासन्‌तास राहिला, की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी आधी लाल होते, मग फुटते. यालाच आपण बेडसोअर म्हणतो. एकदा जखम खोल गेली, की ती भरायला महिने लागतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली नर्सिंगवरच्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं, की अशी जखम झाली तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसून देखभालीचा असतो. म्हणून टाचणीच्या टोकाएवढं भोक शोधणं हासुद्धा खिदमतीचाच भाग समजा.

आधी हाताने पाहा. रुग्ण झोपलेला असताना आपला तळवा वर करून हवेच्या गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये निदान एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड सरळ हाताला लागलं, तर गादीचा उपयोग संपला आहे.

मात्र गादी बसली म्हणजे भोकच पडलं, असंही नाही. वीज गेली की अनेक गाद्यांतली हवा पंपातूनच परत निघून जाते. थंडीत रात्री हवा आकसते. खोलीचं तापमान ३० अंशांवरून १२ अंशांवर आलं, तर बंद हवेचं आकारमान सुमारे ६ टक्के कमी होतं. काही गाद्यांना तर मुद्दाम बारीक छिद्रं ठेवलेली असतात. त्यातून येणारी हवा घाम सुकवते. ती बुजवू नका. गादीबरोबर आलेला कागद आधी वाचा.

मग शोध पंपापासून सुरू करा. दोन्ही नळ्या काढून पंपाच्या तोंडांवर बोट धरा. पंप दोन्ही तोंडांतून आळीपाळीने हवा देतो. काही मिनिटांनी बाजू बदलते, म्हणून थोडं थांबा. एका तोंडातून हवा येतच नसेल, तर दोष पंपाचा आहे. त्यानंतर नळ्या पाहा. त्या जिथे पंपावर चढवतात, तिथे प्लास्टिक कडक होऊन चिरतं. तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसवली, की काम झालं.

दोष गादीतच असेल, तर रुग्णाला जाड कापसाच्या किंवा फोमच्या गादीवर घ्या. हवेची गादी फुगवा, पंप बंद करा आणि दोन्ही नळ्या दुमडून घट्ट बांधा. वर घडी केलेली रजई ठेवून तासभर थांबा. गादीतले फुगे दोन वेगवेगळ्या नळ्यांवर असतात. जे फुगे सैल पडतील, भोक त्यांच्याच रांगेत आहे. निम्मी गादी तपासण्याचे कष्ट वाचले.

आता कान लावा. इशानंतर मोहल्ला शांत झाला, की पंखा बंद करून गाल ओला करा आणि गादीवरून सावकाश फिरवा. ओल्या कातडीला हवेची बारीक झुळूकही गार लागते. नाही सापडलं, तर साबण घ्या. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गादी हौदात बुडवायचा प्रश्नच नाही. कपभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण हलक्या हाताने मिसळा. फेस आधीच झाला, तर बुडबुडा ओळखू येणार नाही. हे पाणी स्पंजने वीतभर जागेवर लावा, गादी हाताने थोडी दाबा आणि दहापर्यंत मोजा. मग पुढची वीत. आधी शिवणी आणि फुग्यांचे सांधे, नंतर सपाट भाग. जिथे बुडबुडा वाढत जाईल, तिथे लगेच बॉलपेनने मोठं वर्तुळ काढा. पंपाचा प्लग आधी काढून ठेवायला मात्र विसरू नका.

काही जण उदबत्तीच्या धुराने भोक शोधतात. घरात ऑक्सिजन लावलेला असेल, तर उदबत्ती किंवा काडी त्या खोलीत आणूच नका.

भोक सापडलं, की हवा काढा, साबण पुसा, स्पिरिटने जागा स्वच्छ करा आणि पूर्ण सुकू द्या. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, प्लास्टिकवर ते टिकत नाही. नळजोडणीचं सोल्युशन सुकून कडक होतं आणि घडी पडली की तडकतं. मऊ पीव्हीसीचं ठिगळ आणि त्याचाच गोंद मागून घ्या. ठिगळाचे कोपरे गोल कापा, वर वजन ठेवा आणि एक दिवस थांबून पुन्हा साबणाची परीक्षा घ्या. शिवण उसवली असेल किंवा भोकं अनेक असतील, तर नवी गादी घेणंच बरं.

भोक पुन्हा पडू नये, म्हणून अंथरूण झाडताना सेफ्टी पिन, फुटकी बांगडी, पानदानातला अडकित्ता शोधा. मांजर पलंगावर चढू देऊ नका.

आणखी एक गोष्ट. काही घरांत बसायला हवेची गोल रिंग वापरतात. तिच्या कडेने दाब वाढतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. ती देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गादी कितीही चांगली असली, तरी कूस बदलणं चुकत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदला आणि कातडी पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर त्या बाजूवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे उष्णता, सूज किंवा कडकपणा हाताला लागतो का ते पाहा. हे काम एकट्या सुनेवर टाकू नका. भिंतीवर कागद लावा, वेळा लिहा आणि मुलगे, मुली, नातवंडं सगळ्यांची पाळी ठरवा. गादीखाली हात घालून पाहायला दहावीतला नातूही शिकू शकतो.