ज्वारी गेली, मर राहिली

नोव्हेंबरात बदनापूरकडच्या काळ्या रानात तूर फुलोऱ्यात, कुठे शेंगेत असते. मधूनच एखादे झाड माना टाकते. जमिनीत ओल असते, तरी झाड तहानेने मरते. बुंध्यापासून वर चढलेला जांभळट पट्टा पाहावा, तिथली साल नखाने सोलावी. आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, बुरशीने बुजवलेल्या.

ही मर. बुरशीचे नाव फ्युजॅरियम उडम. ब्रिटिश शास्त्रज्ञ बटलर यांनी पुसा येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच ती हुडकली होती. कोकणात भातावर येणारा करपा वाऱ्याने येतो. त्याचा बीजाणू ओल्या पानावर बसतो आणि मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे 40 पट दाबाने पानात घुसतो. निदान पानावर ठिपका दिसतो, फवारणीला वाव राहतो. मर मात्र कोवळ्या मुळांतून शिरते. झाड सुकलेले दिसते तोवर आतले काम आटोपलेले असते. तेव्हा दुकानातून आणून केलेल्या आळवणीने फार तर मनाचे समाधान होते.

पाणी साचून बुंधा कुजणे हा निराळाच रोग. त्यालाही सर्रास ‘मर’च म्हणतात, आणि मग उपायही चुकतो.

जातींचा आधार आहे. परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीडीएन-711, बीडीएन-716 यांसारखे मरीला तोंड देणारे वाण दिले. पण तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात, परपरागीकरण होते. शेजारच्या शेतात मरीला बळी पडणारी तूर असेल तर घरचे बी वर्षागणिक भेसळीचे होत जाते आणि पिशवीवरचे नाव तेवढे मागे उरते. शिवाय बुरशीचेही प्रकार आहेत. एका भागात टिकलेला वाण दुसरीकडे टिकेलच असे नाही.

एकट्या वाणावर सगळा भार टाकणे मला धोक्याचे वाटते ते यासाठीच. रोगट मुळांच्या अवशेषांवर ही बुरशी दोन-तीन वर्षे तग धरते. तुरीसोबत ज्वारी घेतली किंवा फेरपालटीत ज्वारी आली की मर घटते, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये तपासले गेले आहे. आपल्याकडे ज्वारीत तुरीचे तास असत. आता तूर सोयाबीनमध्ये असते, नाहीतर कपाशीत. यात शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? ज्वारीला पाखरे राखावी लागतात, काढणीला माणूस मिळत नाही, भाव बेभरवशाचा. मात्र ज्वारी गेली तेव्हा धान्य आणि कडब्याबरोबर जमिनीची राखणही गेली, हा हिशेब कुणी मांडला नाही.

आता तूर कापून झाली की तुराट्या जळणाला घरी येतात, धसकटे रानातच राहतात. मग रोटाव्हेटर फिरतो आणि मेलेल्या दहा झाडांची मुळे बारीक होऊन वावरभर पसरतात.