खुडूक की अडलेली?

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवून परसदारी जाऊ या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनींचं चांगलं चार पानी पत्र आलंय. भिशीच्या पैशांतून त्यांनी पाच कोंबड्या घेतल्या. घरापुरती अंडी होतात, उरलेली शेजारीपाजारी जातात, आणि त्या पैशांचा हिशेब त्यांना कुणाला द्यावा लागत नाही. त्या पैशांची किंमत काय असते, ते तुम्हांला मी सांगायला नको.

त्यांतली सर्वांत चांगली अंडी देणारी कोंबडी एकाएकी कोपऱ्यात बसून राहू लागली. सासूबाई म्हणाल्या, "खुडूक झालीय. गार पाण्यात दोनदा बुडव, उठेल आपोआप." यांनी बुडवली. तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी मेलेली. सासऱ्यांनी चिरून पाहिली तर आत अख्खं अंडं! पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे, "ताई, माझं चुकलं का?"

नाही हो. चूक म्हणायची तर ती आधी माझी. कित्येक वर्षांपूर्वी आमच्याकडची तांबडी कोंबडी अशीच बसली. मीही खुडूकच समजले आणि दोन दिवस तिकडे फिरकलेसुद्धा नाही. कारण काय, तर घरात पाहुणे होते. तीही गेली. तेव्हापासून बसलेली कोंबडी दिसली की मी हातातलं काम टाकून आधी तिला बघते.

कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा खुडूक, आणि अंडं आतच अडकतं तेव्हा अडलेली. लांबून दोघी सारख्याच दिसतात, पण जवळ जाऊन बघा. खुडूक कोंबडी पिसं फुलवून, खुड खुड करत, तोऱ्यात बसते. हात घातलात तर टोचते. दिवसातून एकदा उठून दाणापाणी करते आणि भली मोठी, घाण वासाची शीट टाकते. तिला काही झालेलं नसतं. अडलेलीला टोचायचंही त्राण नसतं. शेपटी खाली पाडून, बदकासारखी पाय फाकवून चालते. खुराड्यात जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. मधूनच कुंथते. डोळे अर्धे मिटलेले, तुरा मलूल, खाण्यावर लक्ष नाही. आणि मुख्य म्हणजे शीट होत नाही, झालीच तर नुसतं पांढरं पाणी. कोंबडीची अंड्याची आणि शिटेची वाट शेवटी एकच, त्यामुळे अंडं अडलं की सगळंच अडतं. म्हणूनच हे दुखणं उद्यावर टाकायचं नसतं.

आता करायचं काय? सासूबाईंचं पाणी बरोबर होतं, फक्त ते कोमट हवं होतं! पसरट टबात किंवा घमेल्यात बाळाच्या अंघोळीला घेतो तसं, कोपराला सोसेल इतपत पाणी घ्या. कोंबडीचं पोट आणि मागचा भाग बुडेल एवढंच. डोकं आणि छाती वर. पंखांवरून दोन्ही हातांनी अलगद धरून तिला पंधरा-वीस मिनिटं बसवा. पाणी निवलं की तिला बाजूला धरून थोडं गरम घाला. आधी फडफडेल, मग ऊब लागली की गप्प बसते, काही तर चक्क पेंगतात. नंतर जुन्या टॉवेलनं नीट कोरडी करा, ओली राहिली तर गारठेल. हात स्वच्छ धुऊन मागच्या जागी बाहेरून थोडं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. खोक्यात मऊ फडकं किंवा पेंढा घालून तिला उबदार, अंधाऱ्या, शांत जागी एकटी ठेवा. जवळ पाणी असू द्या. मुलांना सारखं झाकण उघडून बघू देऊ नका. बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करतो का आपण?

पोट दाबून अंडं काढायच्या भानगडीत कधीही पडू नका. बोटानं ओढू नका, आतल्या आत फोडू तर मुळीच नका. कवचाच्या कडा आत लागतात, बलक पोटात सांडला तर सडतो आणि कोंबडी हातची जाते. तोंडातून तेल ओतायलाही सांगणारे भेटतील. ते श्वासात गेलं तर जीव जाईल.

दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर एकदा पुन्हा शेकवा. तरीही नाही आलं, किंवा मागून लालसर मांस बाहेर दिसू लागलं, तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. कुठल्याही परिस्थितीत एका दिवसापेक्षा जास्त थांबू नका. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देता येतं. मांस दिसत असेल तर तिला इतरांपासून आधी वेगळी करा, बाकीच्या टोचून टोचून तिला रक्तबंबाळ करतात. "कोंबडीला कुठे डॉक्टर लागतो का? कापून टाक," असं घरातले म्हणतील. आमचे हेही म्हणाले होते. मी पिशवी उचलली आणि रिक्षात बसले. ती दुसरी कोंबडी पुढे दोन वर्षं अंडी देत होती, आणि सकाळचं ऑम्लेट खाताना ह्यांनी त्या विषयावर पुन्हा चकार शब्द काढला नाही.

पण अंडं अडतं का? बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण पंचवीस तास लागतात, त्यांतले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. ते कमी पडलं की कवच मऊ होतं आणि स्नायूंचा जोरही जातो. तेव्हा वरचेवर मऊ, सुरकुतलेली किंवा बिनकवचाची अंडी येऊ लागली तर ती आधीची सूचना समजा. (राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली तरी अशी अंडी येतात. लस दिली नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.) याशिवाय नव्या तलंगेचं पहिलं अंडं, दोन बलकांचं मोठं अंडं, पाण्याची टंचाई आणि चरबी हीदेखील कारणं असतात. आपण शहरातल्या बायका शिळा भात, पोळीचे तुकडे, फरसाणाचा चुरा सगळं कोंबड्यांपुढे टाकतो. मग त्या गुबगुबीत होतात आणि अडतात.

कोकणातल्या भगिनींना उपाय शोधायला लांब जायला नको. तिसऱ्या केल्यात की शिंपल्या उकिरड्यावर टाकू नका. धुऊन, कडक उन्हात वाळवून खलबत्त्यात जाडसर कुटा. ज्वारीच्या कणीएवढ्या, टोकदार कपच्या न ठेवता. देशावर अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून अशीच चुरडा. अख्खी टरफलं टाकलीत तर त्यांना अंडी फोडून खायची चटक लागते. हा चुरा दाण्यात कालवू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज असेल ती आपणहून खाते. लहान पिल्लांना मात्र देऊ नका, जादा कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमच्या उरलेल्या चौघींची वाटी आजच भरा. सासूबाईंना हे वाचून दाखवायचं असेल तर कोमट पाण्याचा भाग आधी वाचा. आणि कुणाला पुढे डॉक्टरांचं औषध चालू झालं, तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत ते दवाखान्यातच विचारून घ्या. शेजारी द्यायची नाहीत, तेही त्यातच आलं.