वैशाखातली घागर

दिवाळीच्या फराळाला वैशाखाची आठवण काढणे हा आगाऊपणाच. पण वाचकहो, ताटातल्या लिंबाच्या लोणच्याचा संबंध त्याच महिन्याशी आहे.

आमच्या चारठाण्यात यादवकालीन देवळे आहेत, दगडी बारव आहे. वैशाखात परसात मात्र घागरींचाच हिशेब. सुट्टीत मी भेंडीचे दोन वाफे केले. वर्गात अरणच्या सावता माळ्याचे अभंग शिकवणाऱ्याला खुरपेही पेलते, हे आईला दाखवायचे होते! पाणी आटू लागले तशी आई म्हणाली, “वाफे सोड. लिंबोणीनं फळ धरलंय, ते गळंल.” २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात भांडी विसळलेल्या पाण्यावर तिने हे झाड जगवले होते. मी मान डोलावली, आणि पहाटे लिंबोणीची घागर गुपचूप भेंडीला घातली. असे आठवडाभर चालले. मग एका सकाळी आळ्यात हिरव्या लिंबांचा सडा!

आई रागावली नाही. तिने बुडाला भोक पाडलेले मडके आळ्यात पुरले, भोकात चिंधीची वात घातली, वर पाचोळा पसरला. रोजची घागर त्यात. पाणी झिरपत मुळांशी जाई, उन्हाला काही मिळेना. भेंडी वाळली.

आषाढात उरलेली लिंबे उतरवली. एरवी बरणी गळ्यापर्यंत भरते, यंदा अर्धीच. पाहुण्यांना फोड वाढताना आई माझ्याकडे मुळीच पाहत नाही.