शाल पुरे, शिधा द्या

कलांना पाठबळ देण्यासाठी एक नवी राष्ट्रीय संस्था काढा, अशी मागणी अधूनमधून उठते आणि सभेत टाळ्या पडतात. आम्हीही टाळी देऊ. पण आधी आमचे गाऱ्हाणे ऐकून घ्या.

संस्थांचा आपल्याला तोटा नाही. 1953 साली संगीत नाटक अकादमी निघाली, 1954 च्या मार्चमध्ये साहित्य अकादमी आणि त्याच ऑगस्टमध्ये ललित कला अकादमी. तिघींचे बिऱ्हाड दिल्लीच्या रवींद्र भवनात. त्यांनी ग्रंथ छापले, महोत्सव भरवले, गुणीजनांचा गौरव केला. हे नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष पंडित नेहरू. पंतप्रधानांनी आपल्या या कामात लुडबूड केलेली आपल्याला खपणार नाही, असे या अध्यक्षांनी सांगून ठेवले होते, आणि पंतप्रधान तेच होते! मोठ्या मनाचा माणूस. परंतु माणसाच्या मोठेपणावर उभे राहिलेले स्वातंत्र्य त्या माणसाबरोबरच जाते. पुढे 1970 साली खोसला समिती नेमली गेली, 1988 साली हक्सर समिती. आणि 2015 साली ललित कला अकादमीचा कारभार सरकारने थेट आपल्या हाती घेतला. कारभार बिघडला होता म्हणे. असेलही! पण घरात उंदीर झाले म्हणून घरमालकानेच तिथे बिऱ्हाड थाटावे, हा कुठला न्याय?

आता दिल्लीहून नारायणगावला या. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी येतात, जत्रेची सुपारी ठरते, आणि त्या सुपारीवर वर्षाचे अन्न शिजते. मोठ्या फडात ढोलकीवाल्यापासून तंबू ठोकणाऱ्यापर्यंत शंभराच्या घरात माणसे. हंगामापूर्वी त्यांना उचल द्यावी लागते. ती सावकाराकडून व्याजाने येते. 2020 आणि 2021 साली करोनाने जत्रा बंद पडल्या. तंबू गुंडाळून ठेवता आले. व्याज कसे गुंडाळणार? याच गावच्या विठाबाई. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, आणि 2002 साली त्या गेल्या त्या हलाखीत. पदक होते, औषधाला पैसे नव्हते. आमचा सारा आक्षेप या एका वाक्यात आला.

कोणी म्हणेल, कलेने लोकाश्रयावर जगावे. मराठी नाटक नाही का जगले? जगले खरे. पण त्याचे पहिले पाऊल कोणाच्या अंगणात पडले? 1843 साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 साली आप्पासाहेब गेले, आश्रय सुटला, आणि मग भावे मंडळी घेऊन तिकिटाच्या पैशांवर गावोगाव फिरले. रोपाला आधी कुंपण लागते. झाड झाल्यावर ते आपले आपण उन्हापावसाला तोंड देते. राजे गेले, संस्थाने गेली. आज ते कुंपण घालणार कोण? सरकारच, कारण सरकारची तिजोरी म्हणजे तुमचा-आमचाच पैसा.

पण सरकारला दोन हात असतात. एक अनुदान देतो, दुसऱ्यात कात्री असते. 1972 साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर नाट्यपरीक्षण मंडळाची कात्री चालली, आणि कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. म्हणून पैसा सरकारचा असला, तरी तो वाटणारे सरकारपासून चार हात दूर हवेत. इंग्लंडात 1946 साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाले ते याच विचाराने. त्याची आखणी अर्थशास्त्रज्ञ केन्स यांची: सरकारने एकरकमी पैसा द्यावा, कोणाला किती हे कौन्सिलने ठरवावे. तेथेही सारे गोमटे नव्हते. फार मोठा वाटा लंडनच्या ऑपेरागृहाकडे गेला आणि बाहेरगावचे कलावंत कुरकुरत राहिले. म्हणजे नुसते अंतर ठेवून भागत नाही; पैसा राजधानीची वेसही ओलांडला पाहिजे.

तेव्हा नवी संस्था काढायचीच, तर तीन अटींवर काढा. तिचे स्वातंत्र्य कुणाच्या मर्जीवर न ठेवता संसदेच्या कायद्याने बांधा. मंडळींच्या नेमणुका मंत्र्याच्या चिठ्ठीवर नकोत. पैशाचा मोठा भाग दिल्लीबाहेर, नारायणगावच्या फडात, सिंधुदुर्गातल्या दशावतारात, आसामच्या फिरत्या नाटकमंडळ्यांत जाऊ द्या. आणि मदत कलावंत राबत असताना द्या: हंगामापूर्वी कमी व्याजाची उचल, आजारपणाचा विमा, शिकणाऱ्या पोराला विद्यावेतन. सत्तरीत शाल पांघरण्यापेक्षा विशीत शिधा पोचवणे स्वस्त पडते आणि पुण्यही जास्त लागते.

हिशेब मात्र पै न् पैचा मागा, आणि तो चव्हाट्यावर मांडायला लावा. पण हिशेब पैशाचा मागा, विचाराचा नको. भाऊबीजेला तुम्ही बहिणीच्या तबकात ओवाळणी घालता. ‘या पैशांत माझे गुणगान करणारे गाणे म्हण,’ असे कोणी म्हणते का? ते ज्याला समजते, त्याला आमची राष्ट्रीय संस्था समजली. ज्याला समजत नाही, त्याने कृपा करून ती काढू नये. तीन आहेत, तेवढ्या पुरेत.