धूर छातीत, घाव पायात

सिगारेटने फुप्फुसे खराब होतात, कॅन्सर होतो, हे पाकिटावरच्या चित्रांमुळे आपल्याला पाठ झाले आहे. पण बिडीपायी माणसाच्या पायाची बोटे कापावी लागतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मलाही नव्हते. माझ्या चुलत्यांची दोन बोटे गेली तेव्हा कळले.

काकांनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. रोज एक बंडल लागे. शेताकडे जाताना त्यांच्या पोटरीत गोळा येई. बांधावर बसले की उतरे, उठून चालू लागले की पुन्हा येई. घरात सगळे म्हणत, कष्टाचे दुखणे आहे. पुढे अंगठ्याजवळची जखम बरी होईना, बोट काळे पडले. डॉक्टरांनी सांगितले, हा बर्गरचा रोग. लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले होते. तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना तो प्रामुख्याने होतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होऊन त्या बुजतात.

हा रोग क्वचितच होतो, हे खरे. पण धूर सर्वांच्याच रक्तवाहिन्यांवर घाव घालतो. निकोटिनने त्या आकसतात, आतले नाजूक अस्तर बिघडते, रक्त लवकर गोठू लागते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. पायात घडते तेच हृदयात घडले तर झटका, मेंदूत घडले तर पक्षाघात.

आमच्याकडे म्हणतात, बिडी साधी, पानाची; सिगारेट वाईट. काकांचा पाय पाहिल्यावर हे मला पटत नाही. दुसरी समजूत आपली, कॉलेजवाल्यांची : ‘दिवसाला एकच तर ओढतो!’ पण एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा नसतो. तो निम्म्याच्या जवळपास असतो. म्हणजे कमी करणे पुरेसे नाही, सोडणेच भाग आहे.

हे उपदेश म्हणून लिहीत नाही. प्रथम वर्षाला असताना मीही मित्रांबरोबर अर्धी-अर्धी ओढत होतो. लहानपणी काकांची बंडले दुकानातून मीच आणून देत असे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकू नये, असा कायदा २००३ सालीच झाला होता. पण तो ना दुकानदाराच्या गावी होता, ना आमच्या घरच्यांच्या.

सोडता येते. मी एक तारीख ठरवली, मित्रांना सांगून टाकली आणि टपरीवरचा चहा बंद केला. पहिले तीन दिवस जड गेले. तल्लफ आली की पाणी प्यावे, चार पावले चालावे. काही मिनिटांत ती ओसरते. सवय जुनी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम घेता येते. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. एकदा सुटली, पुन्हा लागली, तरी लाजू नये, पुन्हा सोडावी. वर्षभर दूर राहिले की हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. काकांनीही सोडली आणि उरलेली बोटे वाचली.

प्राध्यापक मंडळींना विनंती आहे की, भिंतीवरच्या फलकाबरोबर वर्षातून एकदा तरी एखाद्या डॉक्टरांना बोलवावे, आणि सोडू पाहणाऱ्या मुलाला शिक्षेची भीती न वाटता बोलता येईल अशी एखादी खोली असावी.

महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. म्हणून आपण ते शंभर यार्ड हसतखेळत चालून पलीकडे जातो. मित्रांनो, तेवढेच अंतर तोडायला माझ्या काकांना दोनदा खाली बसावे लागे.