हुनर डोक्यात, हिशोब वहीत

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी त्याच्या अम्मींना घेऊन घरी आला. दहावीनंतर आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला, आज गोंदियात त्याचे छोटे वर्कशॉप आहे. राईस मिलची यंत्रे दुरुस्त करणे हा धंदा. वर्षभरापासून रात्री दुकान बंद झाले की तो एक भट्टी बनवतोय. धानाच्या भुशावर चालणारी, ओले धान सुकवण्यासाठी. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले साठ हजार त्यात गेले. भट्टी पेटते, पण तासाभरात राख साचते आणि आंच मंदावते. आता आखातातल्या नोकरीचा निरोप आला आहे. दोन महिन्यांत हो की नाही सांगायचे आहे.

“मॅडम, तुम्हीच समजवा याला,” अम्मी म्हणाल्या.

तो खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, “बँक कर्ज देईल मॅडम. पण अब्बू म्हणतात, सूदाचा पैसा या घरात येणार नाही. मग प्रयोग करायचा कशावर?”

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या समाजात लोखंड, लाकूड, मोटर, वायरिंग यांत हात बसलेली मुले गल्लोगल्ली आहेत. नवीन काही बनवायचे म्हटले की दोनच दारे दिसतात, घरची बचत किंवा व्याजाचे कर्ज. तिसरे दार आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या वेळी त्याच दाराविषयी लिहिते.

आपल्या भागात ऊर्जा म्हटली की तिरोड्याचे ३३०० मेगावॅटचे वीज केंद्र डोळ्यांसमोर येते, आणि संरक्षण म्हटले की शेजारच्या भंडारा जिल्ह्यातला जवाहरनगरचा आयुध कारखाना. एवढ्या मोठ्या कामांशी आपल्या शटरच्या दुकानाचा काय संबंध, असे वाटते. पण नवी कल्पना पुष्कळदा लहान जागीच सुचते, हे सरकारांनाही उमगले आहे. अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा केला की ज्या सरकारी खात्यांचे संशोधनाचे बजेट मोठे आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांसाठी बाजूला काढावा. संरक्षण आणि ऊर्जा ही खाती त्यात आली. पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. आधी थोडी रक्कम, कल्पना चालण्यासारखी आहे का हे तपासायला. ती टिकली तर मोठी रक्कम, नमुना बनवायला. पुढे मात्र गिऱ्हाईक आपले आपण शोधायचे.

आपल्याकडेही ही वाट तयार झाली आहे. संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ योजना २०१८ मध्ये सुरू झाली. सेना, नौदल आणि वायुदल आपल्या अडचणी जाहीर करतात आणि छोट्या कंपन्या त्यावर तोडगा सुचवतात. निवड झाली तर अनुदान मिळते, मात्र कंपनीलाही आपला वाटा घालावा लागतो. ही उडी मोठी आहे. वर्कशॉपवाल्या तरुणाने आधी पहिली पायरी पाहावी. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘निधी प्रयास’ योजना नमुना बनवण्यासाठी १० लाखांपर्यंत अनुदान देते. हा पैसा थेट दिल्लीहून येत नाही, देशभरातल्या निवडक इन्क्युबेशन केंद्रांमार्फत मिळतो. तिथे यंत्रे वापरायला मिळतात आणि सल्ला देणारी जाणकार माणसेही भेटतात.

अशा केंद्रातून काय उभे राहते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००७ मध्ये आयआयटी मुंबईच्या काही मुलांनी ‘आयडियाफोर्ज’ नावाची कंपनी काढली. आयआयटीच्याच ‘साइन’ केंद्राने तिला जागा आणि आधार दिला. पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी ‘नेत्र’ हे छोटे ड्रोन बनवले. २०१३ च्या उत्तराखंडच्या महापुरात अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला ते वापरले गेले. संरक्षणाचे संशोधन म्हणजे नुसता दारूगोळा नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

आणि भुशाचे म्हणाल तर शंभर किलो धानातून साधारण वीस किलो भुसा निघतो. आपल्या गिरण्यांमागे त्याचे डोंगर असतात. बिहारमधल्या तमकुहा गावात २००७ साली काही तरुणांनी याच भुशापासून गॅस बनवून इंजिन चालवले आणि गावात वीज दिली. पुढे त्यातून ‘हस्क पॉवर’ ही कंपनी उभी राहिली. मी हे सांगितले तेव्हा मुलाची मान पहिल्यांदा वर आली. राखेची अडचणही त्याच्या एकट्याची नाही. भुशाच्या वजनाचा जवळपास पाचवा भाग राखच होते, आणि त्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. तो जळून जात नाही, साचत राहतो. म्हणून राख सतत बाहेर पडत राहील अशी रचना करणे हेच या कामातले खरे कोडे आहे.

मग मी त्याला विचारले, “तासाला भुसा किती लागतो?”

“अंदाजाने टाकतो, मॅडम.”

“हवा किती सोडतोस? किती मिनिटांनी आंच उतरते? पहिली जाळी का बदललीस?”

“सगळं डोक्यात आहे.”

इथेच आपली मुले मागे पडतात. अनुदान देणारा तुमचे डोके उघडून पाहू शकत नाही, तो कागद पाहतो. काय करून पाहिले, काय बिघडले, पुढे काय करणार, खर्च किती, एवढेच त्याला हवे असते. फसलेला प्रयोग आकड्यांसह लिहिलेला असेल तर तो पुरावा होतो. लिहिला नाही तर नुसते भंगार.

आता व्याजाविषयी. अनुदान हे कर्ज नाही, ते व्याजासकट फेडायचे नसते. पण प्रत्येक सरकारी योजना अनुदानच देते असे मात्र समजू नका. २०२१ च्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’मध्ये कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते, आणि त्याच योजनेत पुढे बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंतची रक्कम कर्ज किंवा कर्जरोख्याच्या रूपात ठेवली होती. योजना एक, दारे दोन. सही करण्याआधी अटी नीट वाचा, शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारा. आणि हेही ध्यानात ठेवा की अनुदान म्हणजे खैरात नव्हे. तो लोकांच्या करातला पैसा आहे, आपल्या हाती दिलेली अमानत. पै न् पैचा हिशोब द्यावा लागतो आणि ठरलेले काम दाखवल्यावरच पुढचा हप्ता मिळतो.

आखातात जाऊ नकोस, असे मी त्याला म्हटले नाही. बहिणीचे लग्न समोर आहे, आणि अर्ज केला म्हणजे मंजूर होतोच असे नाही. एवढेच म्हटले, “दोन महिने आहेत ना? रोज रात्री भट्टी पेटव आणि रोज लिही. दिवस साठ, पाने साठ. जायचे ठरले तरी वही बरोबर राहील.”

परवा अम्मींचा फोन आला. “रात्री घरातला वजनकाटा घेऊन जातो, सकाळी मला कणीक मोजायला मिळत नाही,” अशी तक्रार होती. आवाजात मात्र राग नव्हता.

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरी एखादा मुलगा किंवा मुलगी पंखा खोलून बसत असेल. ओरडण्याआधी त्याच्या हाती एक वही द्या आणि विचारा, काल काय बिघडले होते, ते लिहिलेस का?