ड्रायव्हरला ‘अजून जवळ घे’ म्हणू नका

केनियाला निघालेली मंडळी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. ताई, शाकाहारी जेवण मिळेल ना? आणि क्रॉसिंग दिसेल ना? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नैरोबीत गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, मसाई माराच्या कॅम्पमधले आचारी डाळ-भात करायला सरावलेत, चपाती तर केनियन माणूस रोजची म्हणून खातो. गिथेरी नावाचा तिथला पदार्थ म्हणजे मका आणि घेवड्याची उसळच. तेव्हा बॅगेत भडंगाची आठ पाकिटं कोंबू नका, दोन पुरतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. माझ्या मते सगळी सहल तिथेच बिघडते.

तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्या जोडीला झेब्रे टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मारा यांच्यात वर्षभर गवताच्या मागे फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर त्यांतला मोठा हिस्सा माराच्या बाजूला असतो. त्या काळात हे कळप मारा नदी ओलांडतात, कधी या तीरावरून, कधी त्या. हेच ते क्रॉसिंग. पण कधी ओलांडणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. कळप काठावर येतो, दोन तास धूळ उडवत उभा राहतो आणि काहीच न करता मागे वळतो. हे न सांगता आपल्याकडच्या जाहिरातींत उडी मारणाऱ्या विल्डबीस्टचा फोटो छापतात, आणि माणसं त्या फोटोची वसुली करायला निघतात.

मग काय होतं? २०२५च्या जुलैमध्ये सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला पर्यटक गाड्यांतून उतरून थेट नदीच्या काठावर जाऊन उभे राहिले, कळपांची वाट अडली. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. आपण नाक मुरडायचं कारण नाही. २०२४ सरता सरता आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांना रस्त्यात घेरलंच होतं, आणि उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं.

अशा वेळी शिव्या पडतात ड्रायव्हरला. मारातले नियम त्याला तोंडपाठ असतात: एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही, ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही. मोडले तर रेंजर दंड करतो, तो त्याला. पण त्याच्या मागे सहा जण बसलेले असतात, त्यांना बिबट्याचा कान नाही, अख्खा बिबट्या हवा असतो. जाताना बक्षिसी द्यायची की नाही हेही तेच सहा जण ठरवणार. रेडिओवर ‘चित्ता’ ऐकू आलं की तो गाडी पळवतो ती आपल्यासाठी, आणि ‘अजून जवळ घे ना’ हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत इतकं ऐकलंय की कान किटलेत.

चित्त्याचं उदाहरण मुद्दाम घेते. तो दिवसाउजेडी, डोळ्यांच्या भरवशावर शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फेरीच्या वेळी. भोवती गाड्यांचं कडं पडलं की शिकार हुकते, पिल्लं उपाशी राहतात. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका विणीतली सरासरी दोनहून अधिक पिल्लं जगून स्वतंत्र झाली. गर्दीच्या भागात हीच सरासरी ०.२. हा आकडा वाचल्यावरही कुणाला जवळ जायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही, फक्त माझ्या गाडीत बसू नका.

आता उपाय. पहिला म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतली निम्मी नावं खोडा. सात दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा असं कोंबलं की निम्मी सहल खड्ड्यांतून प्रवासात जाते. नैरोबी ते मारा हेच पाच-सहा तासांचं काम आहे. जाहिरातीत नाकुरूच्या पानावर अजून गुलाबी फ्लेमिंगोंचा फोटो असतो. गेल्या काही वर्षांत तळ्याचं पाणी चढलं आणि पूर्वीसारखे थवे तिथे राहिले नाहीत. गेंडे पाहायचेच असतील तर जा, पण गुलाबी तळं मनात धरून जाऊ नका. किलिमांजारोसमोरून चालणारे हत्ती पाहायचे तर अंबोसेली हवंच. मग अंबोसेली आणि मारा, बस्स. मारात चार रात्री राहा. चार दिवस हाताशी असलेला माणूस ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसत नाही.

महाग पडेल, खरं आहे. परदेशी प्रौढाला माराचं प्रवेशशुल्कच २०२४पासून जुलै ते डिसेंबर दिवसाला दोनशे डॉलर आहे, आणि तिकीट बारा तासांचं. जानेवारी ते जून तेच शंभर. म्हणून क्रॉसिंगचा हट्ट सोडणाऱ्याला मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवते. सिंह, हत्ती, जिराफ तेव्हा कुठे जात नाहीत, गर्दी मात्र जाते. ऐपत असेल तर माराला लागून असलेल्या नाबोइशो किंवा ओलारे मोतोरोगीसारख्या कॉन्झर्व्हन्सीत राहा. जमीन मसाई कुटुंबांची, भाडं त्यांना मिळतं, आणि तंबूंची नि गाड्यांची संख्या बांधलेली असते.

सामानाचं थोडक्यात. आफ्रिका म्हणजे ऊन, हे डोक्यातून काढा. मारा महाबळेश्वरहून उंच आहे आणि जुलैत पहाटे उघड्या टपाच्या गाडीत दात वाजतात. स्वेटर, कानटोपी, वर वाऱ्याचं जाकीट. छोट्या विमानाने जाणार असाल तर पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, तेव्हा चपला गुंडाळायला जुनी कापडी पिशवी घ्या. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातून, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड परतताना आपल्याच विमानतळावर मागतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको. आणि दुर्बीण माणशी एक. नवरा-बायकोत एक दुर्बीण म्हणजे भांडणाला आमंत्रण.

आता ड्रायव्हरवरच्या दबावाला दुसरा उपाय, बक्षिसीचा. रक्कम घरूनच ठरवून पाकिटात घाला आणि पहिल्याच सकाळी ड्रायव्हरला सांगा, की प्राणी दिसो न दिसो, हे तुझं आहे, आम्हाला नियम मोडायचे नाहीत. त्याच्या खांद्यावरून ओझं उतरतं. मग तो थांबतो, शेणकिडा दाखवतो, वाळवीच्या वारुळावर चढून टेहळणी करणारं टोपी नावाचं हरिण दाखवतो, सिंहीण कुठून येईल ते आधी सांगतो.

अर्थात त्याला हे सगळं येत असायला हवं. केनियात गाइडांची एक व्यावसायिक संघटना आहे. ती परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. बुकिंग करताना हॉटेलला तारे किती हे विचारण्याआधी गाइडचा दर्जा विचारा. एजंट गोंधळला, तर दुसरा एजंट शोधा.